ओव्हल ते मरीन ड्राइव्ह : मुंबईतली आर्ट डेको फेरी कशी आहे, कशी करावी

दक्षिण मुंबईत वारसा-फेऱ्या पुष्कळ निघतात. त्यांतली रीगल चित्रपटगृहापासून ओव्हल मैदानामार्गे मरीन ड्राइव्हला जाणारी आर्ट डेको फेरी आवर्जून करावी अशी आहे. आर्ट डेको म्हणजे 1930 च्या दशकातल्या काँक्रीटच्या इमारतींची, आडव्या रेषा आणि भौमितिक नक्षीची शैली. अंतर सुमारे 3 किलोमीटर, वेळ दोन ते अडीच तास. शुल्क आयोजकागणिक बदलतं. सगळा रस्ता सपाट असल्याने ज्येष्ठांनाही जमतो. फेरी चांगली की सामान्य, हे मात्र वाटाड्या नक्षीवर थांबतो की काँक्रीटपर्यंत पोचतो यावर ठरतं.

आधी उजेडाचं गणित. ओव्हलच्या पश्चिमेची, महर्षी कर्वे रस्त्यावरची इमारतींची रांग पूर्वाभिमुख आहे. तिच्यावर ऊन येतं ते सकाळी. मरीन ड्राइव्हच्या इमारती पश्चिमेला, समुद्राकडे तोंड करून आहेत. त्या दुपारनंतर उजळतात. त्यामुळे सकाळी आठच्या फेरीत ओव्हल उत्तम दिसतो आणि मरीन ड्राइव्ह सावलीत जातो. संध्याकाळी याच्या उलट. एकच फेरी करायची तर सकाळची निवडा, कारण बारकावे ओव्हलवर जास्त आहेत. मरीन ड्राइव्ह नंतर एखाद्या संध्याकाळी स्वतंत्र बघता येतो. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात पाणी कुठून गळतं ते शिकायला मिळतं, पण छत्रीखालून वर बघणं होत नाही.

रविवारी वाहनं कमी, म्हणून वाटाड्याचा आवाज ऐकू येतो. पण त्याच दिवशी ओव्हलवर एकाला लागून एक क्रिकेटचे सामने चालू असतात. मैदानातून इमारतींकडे बघत चालताना चेंडूवर लक्ष ठेवावं लागतं, मुलं सोबत असतील तर कडेच्या पदपथावरूनच चालावं. लोकलने येणाऱ्यांनी रविवारचा मेगाब्लॉक आधी तपासावा. आता भुयारी मेट्रोचं चर्चगेट स्थानकही सुरू झालं आहे.

सुरुवात रीगलपासून होते ते योग्यच. चार्ल्स स्टीव्हन्सने आखलेलं हे चित्रपटगृह 1933 चं. वातानुकूलन आणि तळघरात मोटारी ठेवायची सोय, या दोन गोष्टी तेव्हाच्या मुंबईला नव्या होत्या. इथे दहा मिनिटं पुरतात. मादाम कामा रस्त्याने पुढे ओव्हलच्या दक्षिण टोकाला आलं की खरी फेरी सुरू होते. पूर्वेला राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय, दोन्ही 1878 ची, दगडी, टोकदार कमानींच्या गॉथिक शैलीची. पश्चिमेला 1930 च्या दशकातली, भरावातून मिळालेल्या जमिनीवरची काँक्रीटची रांग. मध्ये फक्त एक मैदान. युनेस्कोने 30 जून 2018 ला जागतिक वारसा म्हणून नोंदवला तो हा जोड-समूह. त्यातल्या 94 इमारतींमध्ये गॉथिक आणि आर्ट डेको दोन्ही येतात. ‘94 आर्ट डेको इमारती’ असं काही फेऱ्यांत सांगितलं जातं, ते चूक. आर्ट डेको इमारतींच्या संख्येत मुंबईचा ‘मायामीनंतर जगात दुसरा क्रमांक’ हेही सर्रास ऐकू येतं, पण शहरभरातल्या इमारतींची नोंद अजून चालूच आहे, तेव्हा क्रमांकावर फार विसंबू नये.

ओव्हलच्या रांगेसाठी किमान पाऊण तास हवा. बहुतेक वाटाडे इथे सूर्यकिरणांची जाळी, गोठलेल्या कारंज्याची नक्षी, जहाजासारखे कठडे, गोल खिडक्या दाखवतात. ते बघावंच. राजब महल, एम्प्रेस कोर्ट, कोर्ट व्ह्यू, ग्रीन फील्ड्स या इमारतींची नावंसुद्धा दर्शनी भागावर त्याच शैलीच्या अक्षरांत कोरलेली आहेत, तीही वाचावीत. पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट नक्षी नव्हे, छज्जा आहे. खिडक्यांच्या वर सलग धावणारी, कोपऱ्यावरून वळणारी ती पातळ पट्टी. जून-जुलैचा तिरका पाऊस आणि उन्हाळ्यातलं ऊन दोन्ही ती अडवते. खालून आधार न देता इतकी बाहेर काढलेली पट्टी दगडी बांधकामात जमली नसती. ती जमते आतल्या सळयांमुळे.

बिघाडही तिथेच सुरू होतो. बाहेर काढलेल्या छज्जात ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून मुख्य सळया वरच्या अंगाला असतात. छज्जाचा उतार बुजला की पाणी नेमकं त्यांच्या डोक्यावर साचतं. समुद्रावरचं खारं वारं क्षार आणून टाकतं, जुन्या काँक्रीटचा लोखंडाला जपणारा अल्कलीपणा हळूहळू उतरतो, सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्या फुगण्याने काँक्रीट फुटून पोपडे पडतात. पोपडे काढून वरून नुसता गिलावा मारला तर दोन-तीन पावसाळ्यांत तीच जागा पुन्हा फुगते. सळई उघडी करून गंज पूर्ण काढणं, झिजली असेल तर जोड-सळई देणं, मग दुरुस्तीचा मॉर्टर, वर उतार आणि खालच्या कडेला पाणी तुटावं म्हणून खाच, हा खरा क्रम. ज्या फेरीत हे एका छज्जाखाली उभं राहून समजावलं जातं, ती फेरी पैसे वसूल करून देते. आपल्या सोसायटीच्या बैठकीत बोलायलाही उपयोगी पडतं.

दुसरी राहून जाणारी गोष्ट म्हणजे फ्लॅट. चाळीत खोल्यांसमोर सामाईक गॅलरी आणि मजल्याला सामाईक संडास. इथे प्रत्येक बिऱ्हाडाचं न्हाणीघर आत आलं, लिफ्ट आली, कामकऱ्यांसाठी मागे वेगळा जिना आला. नोव्हेंबर 1937 मध्ये टाऊन हॉलमध्ये ‘आयडियल होम’ प्रदर्शन भरलं, त्यात असंच नवं घर लोकांपुढे मांडलं होतं. तेव्हा कोणी याला आर्ट डेको म्हणत नव्हतं. ते नाव 1960 च्या दशकात रूढ झालं. वाटाड्याला मागच्या रस्त्याने न्यायला सांगा. दर्शनी बाजू सगळे दाखवतात, घराची मांडणी मागच्या जिन्यांवरून आणि न्हाणीघरांच्या छोट्या खिडक्यांवरून कळते.

या इमारती खासगी आहेत. प्रवेशद्वाराशी टेराझोची (दगडाचे तुकडे सिमेंटमध्ये बसवून घोटलेली) फरशी आणि लिफ्टची जाळी दिसते, पण सोसायटीच्या परवानगीशिवाय आत पाऊल टाकू नये. फोटोही बाहेरूनच काढावेत. आत नेण्याचं आश्वासन जाहिरातीत असेल तर परवानगी घेतली आहे का, हे आधीच विचारावं. गट 15 च्या वर असेल तर टाळा: पदपथ अरुंद आहेत, मागच्यांना काही ऐकू येत नाही आणि रहिवाशांची वाट अडते.

उत्तर टोकाला, चर्चगेट स्थानकासमोर, इरॉस चित्रपटगृह. शोराबजी भेदवार यांनी आखलेलं, 1938 मध्ये उघडलेलं. लाल दगड आणि फिकट रंगाचे थर, कोपऱ्यावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारा मनोरा. 2024 मध्ये ते आयमॅक्स पडद्यासह पुन्हा सुरू झालं. रस्त्याच्या पलीकडून, थोडं लांबून बघा. जवळून मनोऱ्याचं माप समजत नाही.

तिथून वीर नरिमन रोडने समुद्राकडे. कोपऱ्यावर सूना महल, 1937, वास्तुकार गजानन म्हात्रे. ओव्हलवरचं एम्प्रेस कोर्टही त्यांचंच. मराठी वास्तुकार आणि कलावंत या शैलीत किती मध्यवर्ती होते, हे बहुतेक फेऱ्यांत एका वाक्यात आटोपतं, आणि ही मोठी उणीव आहे. ती भरून काढायला फेरीनंतर स्वतःच महात्मा गांधी रस्त्यावरच्या न्यू इंडिया अॅश्युरन्सच्या इमारतीपाशी जा. मास्टर, साठे आणि भुता यांचं हे 1936 चं काम, दर्शनी भागावरची शिल्पं एन. जी. पानसरे यांची. शेतकरी, कुंभार, सूत कातणाऱ्या बायका, सगळे उंच, घडीव आणि शांत. शिल्पं बाहेरच असल्याने कार्यालय बंद असलं तरी चालतं. 8 पट दाखवणारी दुर्बीण मात्र सोबत हवी. मरीन लाइन्सकडे जायला वेळ असेल तर 1949 चं लिबर्टी चित्रपटगृह जोडा, त्याची अंतर्गत सजावट वामन नामजोशी यांची.

मरीन ड्राइव्हचा भाग सगळ्या फेऱ्यांत घाईने उरकतो. तोवर ऊन चढलेलं असतं, पाणी संपलेलं असतं. इथे एकच गोष्ट नीट बघा: गॅलऱ्या. मूळच्या मोकळ्या, वळणदार गॅलऱ्या कुठे काचा लावून बंद केल्या आहेत, लाकडी खिडक्यांच्या जागी अॅल्युमिनियमच्या सरकत्या कुठे आल्या, वातानुकूलन यंत्रं कुठे टांगली. दोन शेजारच्या इमारतींची तुलना केली की आडव्या रेषा मोडल्याने काय हरवतं ते लगेच दिसतं.

पाण्याची बाटली, टोपी, सपाट तळव्याचे बूट एवढं पुरे. आणि हीच नजर घेऊन पुढच्या आठवड्यात शिवाजी पार्क किंवा दादरच्या हिंदू कॉलनीत फिरा. तेच छज्जे, त्याच गोल गॅलऱ्या मध्यमवर्गीय मापात दिसतील. तिथे युनेस्कोचं संरक्षण नाही आणि पुनर्विकास जोरात आहे, तेव्हा लवकर जा.