मोटारसायकलचा टायर घरी चढवावा की दुकानात? आणि बॅलन्सिंगचं काय?

टायर चढवणं आणि चाक बॅलन्स करणं, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं, ही दोन वेगळी कामं आहेत. घर की दुकान, याचं उत्तरही दोन्हींसाठी वेगळं येतं. बरेच जण टायर हौसेनं घरी चढवतात आणि बॅलन्सिंगसाठी मशीन शोधत फिरतात. आमच्या मते मॅगव्हीलवाल्यांनी (म्हणजे तारांऐवजी ओतीव धातूचं चाक असलेल्यांनी) नेमकं याच्या उलट करावं.

आधी तुमचं चाक कुठलं ते पाहा. तारांचं चाक आणि आत ट्यूब असेल, तर घरी शिकून घ्याच. अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याच्या बाजूला आडरस्त्यावर वेड्या बाभळीचा काटा घुसला की हेच कौशल्य कामी येतं. फूटभर लांबीच्या दोन-तीन टॉमी (टायर उचकटायच्या चपट्या पट्ट्या), व्हॉल्व्हची चावी, साबणाचं पाणी, पंप आणि हवा मोजायचं गेज एवढं पुरतं. टायरच्या कडेला ऑइल, ग्रीस किंवा डिझेल लावू नका, रबर खराब होतं.

घरी हमखास होणारी चूक म्हणजे ट्यूब चिमटणं. शेवटची चार-सहा इंच कड चढत नाही, माणूस टॉमीवर जोर लावतो आणि टॉमीच्या टोकाखाली ट्यूब कापली जाते. खरं तर जोर लागतोय म्हणजे समोरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात उतरलेली नाही. तिथे गुडघा रोवा, कड खाली दाबा, मग उरलेली कड अलगद चढते. सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरून करा आणि शेवट व्हॉल्व्हपाशी, कारण व्हॉल्व्ह मध्ये आला की तिथली कड खोलात उतरू शकत नाही. ट्यूबमध्ये आकार येण्यापुरतीच हवा ठेवा. टायर बसला की एकदा हवा भरून पूर्ण सोडा आणि पुन्हा भरा, म्हणजे ट्यूबची घडी मोडते.

मॅगव्हील आणि ट्यूबलेसचं गणित वेगळं. कड रिमला इतकी घट्ट बसलेली असते की ती सोडवण्यातच निम्मी मेहनत जाते. पायपंपानं ती परत बसवणं तर जवळपास अशक्य, तिथे कॉम्प्रेसरची एकदम येणारी हवाच लागते. शिवाय कड जिथे टेकते तिथे टॉमीचा ओरखडा पडला, तर रोज थोडी थोडी हवा उतरत राहते. एका गाडीचा मागचा टायर वर्षा-दोन वर्षांतून एकदा बदलायचा, तेवढ्यासाठी हत्यारांचा खर्च वसूल होत नाही.

अशा वेळी तिसरा मार्ग सगळ्यात चांगला. चाक घरी काढा आणि नुसतं चाक दुकानात न्या. टायर मशीनवर चढवणार की टॉमीनं, हे आधी विचारा. टॉमीच असेल तर रिमला प्लास्टिकचे गार्ड लावायला सांगा. डिस्कची बाजू फरशीवर टेकू देऊ नका, खाली जुना टायर ठेवायला लावा. टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेनं आहे ना, ते स्वतः पाहा. तारीखही वाचा: 2324 म्हणजे 2024 चा 23 वा आठवडा. दुकानाबाहेर सोलापूरच्या उन्हात टांगलेला टायर नवा दिसला तरी घेऊ नका.

चाक स्वतः काढण्यात आणखी एक फायदा आहे. एक्सलवरचे बुश जागच्या जागी बसतात, चेन ताणायच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या येतात आणि एक्सलच्या नटाची कॉटर पिन विसरली जात नाही. डिस्क ब्रेक असेल तर चाक बाहेर असताना लिव्हर दाबू नका. पॅडमध्ये पुठ्ठा घालून ठेवा.

आता बॅलन्सिंग. इथे घर जिंकतं. कारच्या बॅलन्सिंग मशीनचा शाफ्ट जाड असतो. मोटारसायकलच्या चाकाला वेगळा अडॅप्टर लागतो आणि तो सगळीकडे असेलच असं नाही. आपला टायर अरुंद असल्यामुळे मशीनशिवाय, चाक नुसतं टांगून केलेलं बॅलन्सिंगही पुरेसं होतं. गावातल्या गावात फिरणाऱ्या शंभर सीसीच्या गाडीला ते नाही केलं तरी चालेल. पुणे रोडला किंवा हैदराबाद रोडला 80 च्या पुढे जाणाऱ्यांनी निदान पुढच्या चाकाचं तरी करावंच.

बेअरिंगमधून सरळ रॉड घाला आणि रॉडची टोकं दोन सारख्या उंचीच्या स्टुलांवर टेकवा. चाक हलकेच फिरवून सोडा. तीन-चार वेळा तोच भाग खाली येऊन थांबला, तर तो जड. त्याच्या बरोबर समोर, म्हणजे वर, 5 ग्रॅमचा तुकडा आधी चिकटपट्टीनं लावा. मग ती जागा घड्याळातल्या तीनवर आणून सोडा. तुकडा वर चढला तर वजन वाढवा, खाली पडला तर कमी करा. चाक कुठेही सोडलं तरी तिथेच थांबेपर्यंत हे करत राहा. पन्नास-साठ ग्रॅम लागायला लागले तर वजनं चिकटवत बसू नका, टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून घ्या. बेअरिंगचं सील घट्ट असेल तर पाच-दहा ग्रॅमचा फरक लपतो, म्हणून शक्य असेल तर रॉडच बेअरिंगवर फिरता ठेवा. पक्कं चिकटवण्याआधी रिम पेट्रोलच्या फडक्यानं पुसून कोरडी करा. तेलकट रिमवरचं वजन मे महिन्यात हमखास गळून पडतं.

एवढं करूनही हँडल थरथरत असेल, तर चाक आऊट, म्हणजे वाकडं फिरतंय का पाहा. फोर्कला स्क्रूड्रायव्हर बांधून टोक रिमजवळ आणा आणि चाक फिरवा. अंतरात 2 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर दोष वजनाचा नाही. तारांचं चाक असेल तर तारा ओढून आऊट काढावा लागेल, आणि ते काम सरावाच्या मिस्त्रीकडेच द्या. मॅगव्हील वाकलेलं असेल तर ते बदलणंच बरं.