क्यूचं नॅशनल आर्काइव्ह्ज : वेलिणकरांच्या शोधात गेलेल्या एका फिटरचा अनुभव

मी हवाई दलात वीस वर्षं एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाचा सांगाडा सांभाळणारा मेकॅनिक होतो, त्यातली शेवटची ओझरला. निवृत्त झाल्यावर नाशिकलाच राहिलो. मुलगा लंडनजवळ हाउन्स्लोला असतो. गेल्या उन्हाळ्यात दोन महिने त्याच्याकडे होतो, तेव्हा क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी दफ्तरखान्यात, पाच दिवस बसलो. पहिल्या महायुद्धातल्या वैमानिकांचा माग काढणाऱ्या मराठी माणसाला तिथे काय मिळतं आणि जाण्याआधी काय करून जायला हवं, ते लिहितो.

रॉयल फ्लाइंग कोअरमधून, म्हणजे ब्रिटिश सैन्याच्या तेव्हाच्या विमानदलातून, आघाडीवर गेलेल्या हिंदी वैमानिकांत चार नावं नेहमी येतात. हरदित सिंग मलिक, इंद्रलाल रॉय, एरॉल चंदर सेन आणि आपल्या मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर. रॉय यांनी जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत दहा विमानं पाडली आणि २२ जुलैला ते पडले, तेव्हा वय एकोणीस. मलिक जखमी झाले, वाचले, पुढे कॅनडात भारताचे हायकमिशनर आणि फ्रान्समध्ये राजदूत झाले. सेन सप्टेंबर १९१७ मध्ये जर्मनांच्या हाती लागले. या तिघांबद्दल वाचायला बरंच सापडतं. वेलिणकरांबद्दल फार थोडं. २३ स्क्वाड्रन, विमान सॉपविथ डॉल्फिन, २७ जून १९१८ ला गस्तीवरून परतले नाहीत, ३० जूनला जखमांनी गेले. दादरच्या कट्ट्यावर दहा जणांना विचारा, एकालाही हे नाव माहीत नसतं. मला ते कित्येक वर्षं टोचत होतं, म्हणून गेलो.

आधी पैशांचं. वाचकपत्र फुकट, बसणं फुकट, स्वतःच्या मोबाइलने कागदांचे फोटो काढणं फुकट. मला पाच दिवसांत खर्च आला तो गाडीभाड्याचा आणि खालच्या उपाहारगृहातल्या चहाचा. वाचकपत्रासाठी घरूनच त्यांच्या साइटवर नोंदणी करायची, तिथे पोहोचल्यावर नावाचा एक आणि पत्त्याचा एक असे दोन पुरावे दाखवायचे, फोटो तेच काढतात. मी पासपोर्ट आणि पत्ता असलेलं बँकेचं स्टेटमेंट नेलं होतं, दहा मिनिटांत काम झालं. हे पत्र तीन वर्षं चालतं.

हाउन्स्लोहून जाताना पिकॅडिली लाइनने हॅमरस्मिथ, तिथे डिस्ट्रिक्ट लाइन. पण गाडी रिचमंडचीच घ्या, त्या लाइनला फाटे आहेत. क्यू गार्डन्स स्टेशनवरून दहा मिनिटं चालायचं. समोर तळं, मागे १९७७ ची ती काँक्रीटची इमारत. रविवारी आणि सोमवारी बंद असते, त्याप्रमाणे दिवस ठरवा.

आत जाताना पिशवी, कोट, पाण्याची बाटली सगळं लॉकरमध्ये. पारदर्शक पिशवीतून वही, पेन्सिल, मोबाइल, लॅपटॉप एवढंच वर न्यायचं. पेन चालत नाही, खोडरबर आणि शार्पनरसुद्धा नाही. बाहेर पडताना वहीची पानं उलगडून बघतात. कुणाला हा जाच वाटेल, मला घरी आल्यासारखं वाटलं. हँगरमध्ये शिरताना आम्ही खिसे रिकामे करायचो आणि निघताना पान्यांची मोजणी व्हायची. एक पाना कमी भरला तर विमान उडत नसे. जिथे वस्तूची किंमत कळते तिथे असंच असतं.

आता मुख्य गोष्ट, कारण इथेच बहुतेकांचा दिवस वाया जातो. माझाही पहिला अर्धा दिवस गेला. १ एप्रिल १९१८ ला सैन्याचं फ्लाइंग कोअर आणि नौदलाची हवाई शाखा एकत्र करून रॉयल एअर फोर्स झालं, आणि त्या तारखेने कागदही दुभंगले. त्यानंतर नोकरीत असलेल्या अधिकाऱ्यांची सेवापत्रकं ‘एआयआर ७६’ या मालिकेत आहेत. त्याआधीच जे गेले किंवा सुटले, त्यांच्यासाठी वॉर ऑफिसची, म्हणजे ब्रिटिश युद्धखात्याची, ‘डब्ल्यूओ ३३९’ ही मालिका बघावी लागते. नौदलाकडून आलेले अधिकारी ‘एडीएम २७३’ मध्ये, आणि अधिकारी नसलेले, म्हणजे आमच्यासारखे मेकॅनिक, ‘एआयआर ७९’ मध्ये. शिवाय सप्टेंबर १९४० च्या बॉम्बफेकीत वॉर ऑफिसचं कोठार जळालं आणि साध्या सैनिकांचे बरेचसे कागद त्यात गेले. म्हणून एखाद्याचा कागद सापडला नाही तर तो माणूस तिथे नव्हताच असं समजू नका. मी मात्र रॉयल फ्लाइंग कोअर म्हणजे सैन्य असं धरून थेट वॉर ऑफिसच्या यादीत शिरलो होतो. मदत कक्षावरच्या बाईंनी तारीख विचारली, ‘जून १९१८’ म्हटल्यावर स्क्रीन माझ्याकडे वळवून एआयआर ७६ दाखवलं. ते तर स्कॅन झालेलं आहे, घरबसल्या मिळालं असतं. मी खातं उघडून उतरवून घेतलं तेव्हा एक पैसा पडला नाही. तेव्हा सेवापत्रक नाशिकला बसूनच मिळवा. क्यूला जायचं ते बाकीच्या कागदांच्या पेट्यांसाठी.

आणि नावांचं. हे मराठी माणसानेच लिहायला हवं, कारण इंग्रज संशोधकाला ते सुचणार नाही. सरकारी नोंदीत वेलिणकरांचं नाव ‘श्री’, ‘कृष्ण’ असं दोन तुकड्यांत आहे, त्यापुढे ‘चुंडा’ आणि मग आडनाव. आपल्या कानाला श्रीकृष्ण हे एक नाव, त्यांच्या कारकुनाला ती दोन. त्यामुळे आद्याक्षरं कुठे एस. के., कुठे एस. सी. अशी पडतात. आडनावही वेलिंकर की वेलिणकर की वेलिंगकर, ते रोमन लिपी सांगत नाही. शोधताना आठ-दहा स्पेलिंगं कागदावर लिहून घ्या आणि एकेक टाकून बघा. नुसत्या आडनावाने, नुसत्या स्क्वाड्रनने, नुसत्या तारखेने, असं तिन्ही बाजूंनी शोधा. हाच नियम पाटणकर, चिटणीस, राजवाडे कुणालाही लागू.

एका वर्गणीच्या वंशावळी साइटवर मी याच कारणाने पोळलो. नाव देत नाही. चौदा दिवस फुकट म्हणून कार्ड घेतलं, पंधराव्या दिवशी सहा महिन्यांचे पैसे कापले. तीन ईमेल झाल्यावर परत मिळाले. पैशापेक्षा मला लागलं ते दुसरंच. तिथे कुणीतरी हस्ताक्षर वाचताना एल आणि आय जोडून एच वाचलं होतं, आणि आमचे वेलिणकर ‘वेह्नकर’ होऊन बसले होते. शंभर वर्षांपूर्वी परक्या आकाशात मेलेला मुलगा, आणि जे विकून पैसे घेता त्या यादीत त्याचं नाव एकदा तपासून बघायला कुणाला वेळ नाही. दुरुस्ती पाठवली आहे, अजून झालेली नाही.

तर पेट्या. कॉम्प्युटरवर क्रमांक टाकून मागणी करायची, एका वेळी तीन. साधारण पाऊण-एक तासात त्या तुमच्या आसनाच्या क्रमांकाच्या कपाटात येऊन पडतात. आधी कळवून मागवून ठेवल्या तर सकाळी गेल्या गेल्या मिळतात, तसंच करा. मी ‘एआयआर १’ मालिकेतली २३ स्क्वाड्रनच्या कागदांची पेटी मागवली होती. तपकिरी पुठ्ठ्याची पेटी, पांढऱ्या सुती फितीची गाठ. टेबलावर फोमच्या उतरत्या पाचरी, त्यावर फाइल ठेवायची, पान उडू नये म्हणून कापडात शिवलेल्या वजनाच्या माळा.

लढाईच्या अहवालाचा तो छापील फॉर्म मी पहिल्यांदा हातात घेतला. पातळ कागद, टाइपरायटरची कार्बन प्रत, कोपऱ्यात गंजलेल्या टाचणीचा डाग. वर रकाने: स्क्वाड्रन, विमानाचा प्रकार आणि नंबर, शस्त्रं, पायलट, ठिकाण, तारीख, वेळ, उंची. मग निकालाचे तीन रकाने, शत्रूचं विमान नष्ट झालं, ताबा सुटून खाली गेलं, की नुसतं खाली रेटलं. खाली हकीकत, सहा-सात ओळींची. पायलट किती फुटांवर होता, किती गोळ्या झाडल्या, आणि किती तरी अहवालांत एक ओळ बंदूक अडकल्याची. शेवटी पायलटची सही, तिच्याखाली कमांडिंग ऑफिसरची.

मी आयुष्यभर एफ-७०० या देखभालीच्या फॉर्मवर सह्या केल्या. विमान तपासलं, उडायला ठीक आहे, सही. हा कागद त्या सहीच्या पलीकडचा होता. ‘बंदूक अडकली’ ही ओळ वाचताना त्या दिवशी सकाळी ती बंदूक कुणी साफ केली असेल, त्याने पायलटला परतताना पाहिलं असेल का, हेच डोक्यात येत राहिलं.

डॉल्फिनबद्दल थोडं सांगायलाच हवं, त्याशिवाय ते रकाने नीट वाचता येत नाहीत. या विमानाचा वरचा पंख खालच्या पंखापेक्षा मागे सरकवलेला. पायलटचं डोकं वरच्या पंखाच्या मधल्या उघड्या चौकटीतून बाहेर. वर आणि पुढे इतकं स्वच्छ दिसणारी विमानं तेव्हा थोडीच होती. पण उतरताना विमान नाकावर उलटलं की आधी टेकायचं ते पायलटचं डोकं, म्हणून पायलट मंडळी सुरुवातीला त्याला बिचकून असत. इंजिन हिस्पानो-सुइझा, पाण्याने थंड होणारं, आठ सिलिंडरचं, आणि त्याच्या रिडक्शन गिअरने, म्हणजे पंख्याचा वेग इंजिनापेक्षा कमी ठेवणाऱ्या दात्यांनी, सगळ्यांना हैराण केलेलं. समोर दोन व्हिकर्स मशीनगन, आणि वर तिरक्या रोखलेल्या एक-दोन लुइस बंदुका, ज्या काही स्क्वाड्रन काढून टाकत. फ्रान्समध्ये हे विमान घेऊन लढलेल्या स्क्वाड्रन चारच, १९, २३, ७९ आणि ८७. त्यामुळे शोधायच्या पेट्या आटोक्यात राहतात, हा फायदाच.

पेटीत वेलिणकरांवर लिहिलेलं पान न पान मिळेल या आशेने जाऊ नका. मिळतं ते त्यांच्या भोवतीचं जग. त्या महिन्यात स्क्वाड्रन किती उंचीवर गस्त घालत होती, कोणत्या गावांवरून, कोण परतलं, कुणाच्या इंजिनाने दगा दिला. मला हे कमी वाटलं नाही. एखाद्या माणसाला ओळखायचं तर त्याचं घर आणि गल्ली आधी बघतो, तसंच हे.

क्यूइतक्याच कामाच्या आणखी तीन जागा, तिन्ही घरबसल्या आणि विनामूल्य. हेन्डनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमने अधिकाऱ्यांचे ‘कॅज्युअल्टी फॉर्म’ स्कॅन करून ठेवले आहेत. नाव भीतीदायक आहे, पण त्यात बदली, इस्पितळ, रजा सगळं तारखेनिशी असतं, म्हणजे माणसाच्या हालचालींचा पूर्ण पट. लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रात अधिकारीपद (कमिशन) मिळाल्याच्या घोषणा सापडतात. आणि युद्धात गेलेल्यांच्या कबरी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर नुसतं स्मशान आणि कबरीची ओळ नाही, तर कबर नोंदवतानाचे आणि शिलालेख कोरताना भरलेले मूळ तक्तेही बघता येतात. शिलालेखाचे शब्द घरच्यांनी निवडायचे, जास्तीत जास्त सहासष्ट अक्षरं, आणि दर अक्षरामागे साडेतीन पेन्स मागितले जात. तो तक्ता बघताना मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. वेलिणकर फ्रान्समध्ये सोम प्रांतात हँगार्ड गावच्या स्मशानाच्या वाढीव भागात आहेत.

उणं काय? सगळं स्कॅन झालेलं नाही आणि होणारही नाही, तिथे जाऊन बसल्यावाचून गत्यंतर नाही. मालिकांचे क्रमांक पाठ नसतील तर यादी समुद्रासारखी वाटते. वाचनखोलीत हवा गार असते, स्वेटर घ्या. बाकी कर्मचाऱ्यांबद्दल माझ्याकडे चांगलंच बोलायला आहे. मदत कक्षावरच्या त्याच बाईंनी तिसऱ्या दिवशी मला थांबवून विचारलं, हे आडनाव तुमच्याकडे कसं म्हणतात? मी म्हणून दाखवलं. त्यांनी दोनदा म्हटलं, ण जमला नाही, पण मग माझ्याकडून देवनागरीत एका चिठ्ठीवर लिहून घेतलं.

पैसे देऊन माग काढून देणारे लोकही आहेत. त्यांची गरज वैमानिक कोणत्या मालिकेत आहे हे ठाऊक नसणाऱ्याला, आणि ते आता तुम्हाला ठाऊक आहे.

मार्चमध्ये मुलाकडे पुन्हा जाणार आहे. जून १९१८ च्या अखेरच्या आठवड्याचे आसपासच्या स्क्वाड्रनचे कागद राहिलेत, त्या पेट्यांचे क्रमांक वहीत उतरवून ठेवले आहेत. आठवडाभर आधीच मागणी टाकेन. तिथून दोन दिवस काढून फ्रान्समधल्या आमिआंला जायचं आणि पुढे हँगार्ड. सूनबाईने गाडी चालवायचं कबूल केलं आहे.