अर्जुनसालीचा क्षीरपाक: सहा महिन्यांच्या वापरानंतर

क्षीरपाक म्हणजे दुधात आटवलेला काढा. अर्जुनाच्या सालीचा हा काढा मी बीपीसाठी घेतला: बीपीची गोळी चालू ठेवून, डॉक्टरांच्या कानावर घालून, रोज सकाळी एकदा. आधी निकाल सांगते: बीपी फारसं हललं नाही. आठवड्याच्या सरासरीत वरचा आकडा ३-४ ने खाली दिसतो, पण तेवढा फरक झोप आणि मिठानेही पडतो. गोळी सोडण्यासाठी घेणार असाल तर घेऊच नका.

साल ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात काष्ठौषधीवाल्याकडे विचारा. चूर्ण नको, तुकडे मागा. अर्जुनाची साल बाहेरून राखाडी-पांढरट, गुळगुळीत आणि आतून गुलाबीसर. भेसळीला वापरतात त्या ऐनाची काळपट, मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. दळून आल्यावर भेसळ डोळ्यांना कळत नाही. येऊरच्या जंगलातल्या झाडांना मात्र हात लावू नका. ते राष्ट्रीय उद्यान आहे, आणि खोडाभोवतीची साल गोल सोलली की झाड वाळतंच.

प्रमाण ठरलेलं: साल १, दूध ८, पाणी ३२. म्हणजे ५ ग्रॅम भरड, ४० मिली दूध, १६० मिली पाणी. मंद आचेवर दुधाएवढं उरेपर्यंत आटवून गाळायचं. घाई करून आच वाढवली की सालीतल्या टॅनिनमुळे (तुरट द्रव्यामुळे) दूध फाटतं. लोखंडी भांड्यात काळं पडतं, म्हणून स्टीलचं पातेलं. लोहाची गोळी दोन तास लांब ठेवा. तुरटपणामुळे पोट साफ होत नाही, हा त्रास खरा आहे. पावसाळ्यात ठाण्याच्या दमट हवेत भरडीला बुरशी धरते, तेव्हा आठवड्यापुरतीच कुटा.

आता खरी काळजीची गोष्ट. चव गोड व्हावी म्हणून यात ज्येष्ठमध घालतात. बीपीवाल्यांनी तो अजिबात घालू नये. त्यातलं ग्लिसिरायझिन हे द्रव्य मूत्रपिंडात कॉर्टिसॉल हे संप्रेरक निष्प्रभ करणारं एन्झाइम अडवतं. मग कॉर्टिसॉल अंगात मीठ धरून ठेवणाऱ्या अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाचं काम करू लागतं. मीठ-पाणी अंगात साठतं, पोटॅशियम लघवीवाटे जातं, बीपी चढतं. सोबत लघवीची गोळी किंवा हृदयाचं डिगॉक्सिन हे औषध असेल तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पायांना सूज, पोटऱ्यांत गोळे, गळून गेल्यासारखं वाटणं, यांपैकी काही दिसलं तर काढा थांबवून पोटॅशियम तपासून घ्या. तयार काढ्यांच्या पाकिटावर ज्येष्ठमधाचं नाव 'यष्टिमधु' असं असतं, नीट वाचा.

दुसरी वनस्पती, सर्पगंधा, बीपी खरोखर उतरवते. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला, आणि १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपिन हे बीपी उतरवणारं द्रव्य वेगळं काढलं गेलं. म्हणूनच ती स्वतःच्या मनाने घेऊ नये: नाडी मंदावते, नाक चोंदतं, मन खचतं, आणि चालू गोळीवर ती पडली की बीपी गरजेपेक्षा खाली जातं. अर्जुनसालीच्याच आंबवलेल्या औषधात, अर्जुनारिष्टात, गूळ आणि मद्यार्क, मधुमेह्यांनी टाळावं. वारफरीन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू असेल तर लसणाच्या कॅप्सूलही नकोत, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

बीपी मोजताना पाच मिनिटं पाठ टेकून बसा, यंत्राचा पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीत. सकाळी गोळीआधी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मध्ये एक मिनिट. सात दिवस लिहा, पहिला दिवस सोडून सरासरी काढा. ती १३५/८५ च्या वर राहिली तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. पट्टा दंडाला लहान पडला तर आकडा उगाच चढा येतो. जाड दंडाला मोठाच पट्टा मागून घ्या.