वित्त आयोग की खासदार निधी: किल्ली कुणाच्या खिशात?

२०१७ साली पंच, म्हणजे ग्रामपंचायतीचा सदस्य, म्हणून निवडून आलो आणि पहिल्याच महिन्यात वाड्यांवरून दोन मागण्या आल्या. खालच्या वाड्याला झरीकडे उतरायला चिऱ्यांच्या पायऱ्या हव्या होत्या. तिथे पावसात शेवाळ धरतं आणि दर वर्षी कुणी ना कुणी घसरतं. वरच्या वाड्याला सभागृह हवं होतं. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली आमची पंचायत छोटी. घरपट्टी आणि परवान्यांतून जे येतं ते कचरा आणि पगार यांतच संपतं. म्हणजे पैसा बाहेरून आणणं आलं.

दारं तशी पुष्कळ आहेत. झेडपीचा सदस्य ओळखीचा असतो. आमदाराचा मतदारसंघ तर एवढासा, की तो कुणाच्या ना कुणाच्या लग्नात भेटतोच. पण ही दारं ओळखीवर उघडतात आणि ओळखीबद्दल सल्ला द्यायला मी कोण? नव्या पंचानं तोलून बघण्यासारख्या वाटा दोन: ग्रामसभेच्या आराखड्यातून खर्च होणारा केंद्रीय वित्त आयोगाचा निधी आणि खासदार निधी. मी सभागृह दुसऱ्या वाटेनं नेलं, पायऱ्या पहिल्या वाटेनं. पुढचं सगळं तेवढ्याच अनुभवावर बोलतो आहे. तुमच्या गावची गोष्ट वेगळी असू शकेल.

आधी खासदार निधी, कारण मोह त्याचाच जास्त. १९९३ च्या डिसेंबरात ही योजना सुरू झाली, २०११-१२ पासून एका खासदाराला वर्षाला ५ कोटी मिळतात. उत्तर प्रदेशातल्या खासदारालाही ५ आणि आपल्यालाही ५, त्यामुळे गोवा फायद्यात असं आपण म्हणतो. जरा हिशेब करून बघा. लोकसभेचे दोन आणि राज्यसभेचा एक मिळून झाले १५ कोटी. पंचायती १९१. सारखी वाटणी केली तरी एका पंचायतीला वर्षाला आठ लाखही येत नाहीत, आणि १३ नगरपालिका व पणजी महापालिका हे वाटेकरी अजून बाजूलाच आहेत. अर्थात सारखी वाटणी कुणी करत नाही. एखाद्या वर्षी एखाद्या गावाला मोठा घास मिळतो, मग ते गाव बरीच वर्षं रांगेत मागे जातं. आमच्या वाट्याला तो घास आला. सभागृह एका दमात झालं. वित्त आयोगाच्या पैशातून ते तीन-चार हप्त्यांत, अर्ध्या भिंती पावसात भिजवत झालं असतं, हे मान्य करायला हवं.

इथे पाहायच्या गोष्टी दोन. देवळाच्या आवारात किंवा देवस्थानच्या जागेत या निधीतून काही बांधता येत नाही, आणि आमच्याकडे तर गाव जमतो तो देवळापुढच्या मांडावरच. कोमुनिदादची, म्हणजे गावाच्या जुन्या सामायिक जमीनसंस्थेची, जागा घ्यायची तर ना हरकत दाखल्यासाठी वेगळी पायपीट. आम्हांला एका भाटकारानं (जमीनदारानं) पंचायतीच्या नावे जागा लिहून दिली म्हणून निभावलं. दुसरी गोष्ट फायद्याची आहे. निधीतले १५ टक्के अनुसूचित जातींच्या आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या वस्तीसाठी खर्च करायचे असतात. २०११ च्या जनगणनेत गोव्यात अनुसूचित जातींची लोकसंख्या दोन टक्क्यांहूनही कमी होती. त्यामुळे तुमच्या गावात तसा वाडा असेल, तर खासदाराच्या कचेरीत तुमचा अर्ज जड जाणार नाही. बहुतेक पंच हे विचारातच घेत नाहीत.

आता वित्त आयोग. पायऱ्यांचं काम आम्ही पंधराव्या आयोगाच्या काळात केलं, म्हणून नियम त्याचे सांगतो. २०२१ ते २०२६ साठी त्यानं ग्रामीण निधीचे ६० टक्के बांधून टाकले. निम्मे स्वच्छतेला, निम्मे पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं वगैरेंना. उरलेले ४० टक्के मोकळे, फक्त पगारावर आणि कचेरीच्या खर्चावर चालत नाहीत. मंडळाच्या बैठकीत पहिली कुरकुर यावरच झाली. घरोघरी नळ आधीच आलेले, आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये तर ‘हर घर जल’चं प्रमाणपत्र मिळवणारं गोवा देशातलं पहिलं राज्य ठरलं. मग पाण्याच्या नावानं आलेला पैसा पंचायतीनं कुठे ओतायचा? एक ज्येष्ठ पंच म्हणाल्या, "नळ सरकारचा, झर आमची." विषय तिथेच मिटला. झरीचा गाळ काढणं, कुंड बांधणं, वरून येणारं मातकट पाणी वळवणं हे बांधलेल्या पैशातून केलं, आणि पायऱ्या मोकळ्या पैशातून. अट जाचक वाटली, पण तिच्यामुळेच झरीकडे कुणाचं तरी लक्ष गेलं. पैसा मोकळा असता तर तोही पेव्हरखालीच गेला असता. पहिली तीन वर्षं तसंच झालं होतं. ग्रामसभेत ज्या वाड्याचा आवाज मोठा, त्याच्या गल्लीत पेव्हर.

रक्कम लहान, हे खरं. राज्यांमध्ये हा निधी वाटताना ९० टक्के भार लोकसंख्येवर आणि १० टक्केच क्षेत्रफळावर होता. हीच फूटपट्टी खाली गावापर्यंत आली की सत्तरी तालुक्यातल्या लांबरुंद, रानानं वेढलेल्या पंचायतींनी काय करायचं? दोन घरांमध्ये अर्धा किलोमीटर रस्ता आणि मोजणी मात्र डोक्यांची. आमची तक्रार त्यांच्यापुढे काहीच नाही.

आणि या वाटेचा खरा ताप गोव्यातल्या पंचाला वेगळा सांगायला नको. बिल काढायचं ते इ-ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी पोर्टलवर, सरपंच आणि सचिव या दोघांच्या डिजिटल सहीनं. आपल्याकडे सरपंचपद वाटून घ्यायची रीत. माझ्या पाच वर्षांत तीन सरपंच झाले, त्यातले एक अविश्वास ठरावानं गेले. सरपंच बदलला की जुनी सही बाद, नव्या सहीची नोंदणी, मध्येच सचिवाची बदली. पायऱ्या बांधून झाल्यावर ठेकेदार चार महिने माझ्या दारात बसला होता. आराखड्यात काम नसेल तर बिलच उठत नाही, म्हणजे ग्रामसभा चुकवली की वर्ष गेलं. आणि ग्रामसभा रविवारी. कुणाच्या घरी बारसं, कुणाचा फुटबॉलचा सामना.

एवढं सगळं असूनही आज कुणी विचारलं तर मी वित्त आयोगाकडे झुकतो. त्याला कारण सभागृहाची किल्ली.

सभागृह २०१९ च्या सुरुवातीला उभं राहिलं. रंग झाला, फलक लागला, नारळ फुटला. ज्या कार्यालयानं काम करवून घेतलं, त्यानं कुलूप लावलं आणि किल्ली नेली. पंचायतीकडे रीतसर हस्तांतरण झालं की मिळेल म्हणाले. त्यासाठी लागायचा कामपूर्तीचा दाखला, त्यासाठी शेवटचं बिल, आणि शेवटचं बिल अडलं होतं शौचालयाच्या एका दारावरून. कुठल्या टेबलावर अडलं होतं हे मला आजही नीट सांगता येणार नाही. महिला मंडळाला हळदीकुंकू करायचं तर अर्ज लिहा, शहरात जा, किल्ली आणा, दुसऱ्या दिवशी परत करा. चवथीच्या भजनाला किल्ली मिळाली तेव्हा आत गेलो तर दिवा लागेना. वीजजोडणी त्यांच्या नावे, म्हणून आमच्या वीजतंत्र्यानं हात लावायला नकार दिला. नव्या कोऱ्या सभागृहात आम्ही समईच्या आणि मोबाइलच्या उजेडात आरत्या म्हटल्या. पोरांनी त्याचा व्हिडिओ काढला, तो गावभर फिरला, आणि "पंचांनी बांधलेलं सभागृह" ही माझी ओळख झाली. चौदा महिन्यांनी किल्ली आली. नंतर महिनाभरातच कोविड आला आणि सभागृह परत बंद.

कुणी मुद्दाम अडवलं असं मी म्हणणार नाही. खासदार शिफारस करतात, मंजुरी जिल्हाधिकारी देतात, बांधतं तिसरंच खातं आणि वापरणारे आपण. प्रत्येकाचं काम चोख असेलही, पण दिवा कुणी बदलायचा हे कुणाच्याच कागदावर नसतं. झरीच्या कुंडाची एक कड गेल्या पावसात फुटली. सचिवांना फोन केला, गवंडी आठवड्यात आला. रक्कम किरकोळ होती, ठराव नंतर झाला.

शिवाय वरून येणारा पैसा वरून थांबतोही. एप्रिल २०२० मध्ये खासदार निधीची योजनाच स्थगित झाली, ती नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली. शेजारच्या पंचायतीचं स्मशानभूमीचं काम त्यात लटकलं. त्याच काळात वित्त आयोगाचे हप्ते, मागे-पुढे का होईना, येत राहिले.

तरीही काही वेळा खासदार निधीच बरा. काम मोठं आणि एकसंध असेल, तुकड्यांत करता येणारं नसेल, जागेचा उतारा स्वच्छ असेल, किंवा तुमचं मंडळ इतकं भांडत असेल की आराखड्यात दोन वर्षं तेच काम टिकणार नाही, तर जरूर मागा. साकव, मोठं सभागृह, शाळेचं छप्पर, यांना आमच्यासारख्या पंचायतीचा हप्ता पुरत नाही. पायवाट, विहीर, झर, तळीचा बांध, कचऱ्याची शेड यांसाठी मात्र मी तरी ग्रामसभेतच हात वर करीन. २०२६ पासून सोळाव्या आयोगाचा काळ आहे, तेव्हा टक्केवारी सचिवांकडून ताजी विचारून घ्या.

आणि खासदार निधीतूनच बांधायचं ठरलं, तर अर्जासोबतच्या ठरावात दोन ओळी आधीच घाला: वीजजोडणी पहिल्या दिवसापासून पंचायतीच्या नावे, आणि हस्तांतरण अमुक दिवसांत. कुलूप लावायला माणूस येईल त्या दिवशी कामावर रजा टाका आणि दुसरी किल्ली मागून घ्या.