हापूस थेट गिऱ्हाइकाला विकायचाय: ब्लॉग लिहावा की इन्स्टाग्राम चालवावं?

वाशीच्या मार्केटला पेट्या पाठवायच्या आणि मिळेल त्या भावावर समाधान मानायचं, याला कंटाळून रत्नागिरी-सिंधुदुर्गातले बरेच बागायतदार आता पुण्या-मुंबईतल्या घरांमध्ये थेट आंबा पोचवतात. तसं करायचं ठरलं की पहिल्याच पावसाळ्यात प्रश्न उभा राहतो. स्वतःची वेबसाइट काढून तिच्यावर लिहीत राहावं, की इन्स्टाग्राम-फेसबुकवर जोर लावावा? 'दोन्ही करा' असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्याकडे बहुधा बाग नसते. मार्च ते मे या काळात तोडणी, आढी (पेंढ्यात फळं पिकत घालणं), पॅकिंग आणि ट्रान्सपोर्टवाल्याचे फोन यांतून ज्याला धड जेवायला फुरसत नसते, त्याला दोहोंतलं एक आधी निवडावंच लागतं.

माझा कौल सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तो तपासता येईल. या हंगामाचा माल या हंगामात खपवायचा असेल तर सोशल मीडिया. अनोळखी माणसाने तुमच्यावर भरवसा ठेवून आगाऊ पैसे पाठवावेत असं वाटत असेल तर लिहिलेली पानं. मात्र 'ब्लॉग' म्हणून दर आठवड्याला काहीतरी लिहीत बसायची गरज नाही.

गिऱ्हाईक पैसे पाठवण्याआधी काय विचारतं

पाच-सहा प्रश्न ठरलेले असतात. कार्बाइड लावता का? देवगडचाच कशावरून? कर्नाटकचा तर नाही? कच्चा येणार की पिकलेला? आतून साका निघाला तर? पेटीत किती डझन आणि फळ केवढं?

यातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर रीलमध्ये नीट बसत नाही. साक्याचंच घ्या. वरून फळ सोन्यासारखं पिवळं दिसतं आणि कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा गर निघतो. बाहेरून तो ओळखता येत नाही, तोडणीनंतर तापलेल्या जमिनीवर फळ पडून राहिलं की प्रमाण वाढतं, आणि फळ पुरतं जून होण्याआधी, चौदा आणे (सोळातले चौदा) तयार असताना तोडलं तर कमी होतं. हे चार परिच्छेदांत शांतपणे लिहिलं, शेवटी 'साका निघालेल्या फळाचा फोटो पाठवा, बदली फळ किंवा पैसे देऊ' अशी ओळ टाकली, की ते पान वर्षानुवर्षं तुमच्या वतीने बोलत राहतं. कुणी फोनवर विचारलं तर लिंक पाठवायची. तेच इन्स्टाग्रामवर टाकलं तर तीन दिवसांत खाली जातं आणि पुढच्या एप्रिलमध्ये तुम्हालाही सापडत नाही.

कार्बाइडचंही तसंच. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे आणि इथिलीन वायू ठरलेल्या मर्यादेत वापरायला परवानगी आहे, हा फरक शहरातल्या बहुतेकांना माहीत नसतो. 'आम्ही पेंढ्याच्या आढीत पिकवतो, म्हणून फळ एकसारखं पिवळं होत नाही, देठाकडे हिरवटपणा राहतो' हे ज्याने आधी वाचलंय, तो पेटी उघडल्यावर तक्रारीचा फोन करत नाही. हिशेबात न दिसणारी ही बचत मला लिखाणाचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

'देवगडचाच कशावरून' याला भौगोलिक मानांकनाचा आधार आहे. 2018 मध्ये हापूसला ते मिळालं आणि त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर हे जिल्हे येतात. तुमची त्याखाली नोंदणी असेल तर नोंदणी क्रमांक, गावाचं नाव आणि बागेचा नकाशावरचा ठिकाणा एका पानावर एकत्र ठेवा. लोकांचे फोटो उचलून खोटी खाती काढणारे आणि आगाऊ पैसे घेऊन गायब होणारे हंगामात उगवतातच. फोटो कुणीही चोरतो. पत्ता, नोंदणी आणि मागच्या तीन वर्षांचं लिखाण एकत्र चोरणं तेवढं सोपं नसतं.

एक इशारा. 'आंब्याचे आरोग्यदायी फायदे' असले लेख लिहू नका, कुणाकडून लिहूनही घेऊ नका. तसली माहिती हजार ठिकाणी पडलेली आहे आणि आता गुगल स्वतःच तिचा सारांश सगळ्यात वर दाखवतं, तुमच्या पानापर्यंत कुणी येतच नाही. यंदा मोहोर उशिरा का आला, थंडी कमी पडल्याने पहिल्या बहराचं काय झालं, तुडतुडे किती होते, आणि म्हणून पहिली पेटी कधी निघेल, हे मात्र तुमच्याशिवाय दुसरं कुणी लिहू शकत नाही.

भाषेचा प्रश्नही इथेच येतो. मराठीत लिहा, पण प्रश्नोत्तरांचं एक पान इंग्रजीत आणि एक हिंदीत ठेवा. बेंगळुरूतला मराठी मुलगा आईवडिलांना पेटी पाठवताना इंग्रजीत शोधतो, आणि त्याचा गुजराती शेजारीही आंबे खातोच.

रील काय करते

एवढं लिखाणाचं कौतुक केलं तरी वस्तुस्थिती अशी, की नव्या वेबसाइटवर पहिले सहा-आठ महिने काळं कुत्रंही फिरकत नाही. शोधयंत्राला तुमची ओळख पटायला वेळ लागतो. ऑगस्टमध्ये लिहिलेल्याचं फळ फार तर पुढच्या एप्रिलमध्ये दिसतं, बऱ्याचदा त्याच्याही पुढच्या.

इन्स्टाग्रामचं तसं नाही. झाडावर झेला (लांब काठीला लावलेली जाळी) लावून फळ अलगद उतरवताना, देठ कापताना, आढी उलगडताना वीस सेकंदांचं चित्रण केलं आणि ते चाललं, तर त्याच संध्याकाळी चौकश्या सुरू. आंबा ही डोळ्यांनी विकली जाणारी वस्तू आहे. घमघमाट पाठवता येत नसला तरी रंग पाठवता येतो. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात अचानक माल वाढला, चार दिवसांत पेट्या हलवायच्या आहेत, अशा वेळी लेख लिहून काही उपयोग नाही. तेव्हा रील, स्टोरी आणि हाताशी थोडे पैसे असतील तर पुणे किंवा ठाणे असा भाग निवडून केलेली चार दिवसांची जाहिरात, हेच कामाला येतं.

'चाललं तर' हे दोन शब्द मात्र विसरू नका. आपल्या पानाला अमुक हजार लोक जोडलेले आहेत म्हणजे तेवढ्यांना पोस्ट दिसते, हा समज जुना झाला. जानेवारी 2018 मध्ये फेसबुकने उघड जाहीर केलं की धंद्यांच्या पानांपेक्षा मित्र-नातेवाइकांच्या पोस्टना प्राधान्य देणार. तेव्हापासून फुकटात पोचण्याचा भरवसा उरलेला नाही. एक रील लाखभर लोक बघतात, त्यातले निम्मे अशा गावांत राहतात जिथे तुमचा ट्रान्सपोर्टवाला जातच नाही, आणि पुढची रील आपल्या घरचेच बघतात. आकडा बघून हुरळलेल्या माणसाला पेट्यांचा हिशेब विचारा.

जागा कुणाची?

29 जून 2020 ला भारतात टिकटॉकवर बंदी आली. ज्यांचा सगळा प्रेक्षक तिथे होता त्यांचं दुकान रातोरात बंद झालं. 4 ऑक्टोबर 2021 च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सहाएक तास एकदमच बंद पडले होते. ते पितृपक्षाचे दिवस होते. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या रात्री तसं झालं असतं तर किती ऑर्डरी लटकल्या असत्या याचा अंदाज बागायतदाराला करता येईल.

मग आपली वेबसाइट म्हणजे हक्काची जागा? हो, पण अटी आहेत. गुगलच्या व्यवसाय प्रोफाइलमधून फुकट वेबसाइट तयार होत असे. हजारो छोट्या दुकानदारांनी ती केली, आणि मार्च 2024 मध्ये गुगलने ती सोय बंद करून टाकली. तेव्हा फुकट जागाही भाड्याचीच समजा. जागा तुमची व्हायची असेल तर डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, पैसे भरून घ्यावं लागतं. साधारण पाचशे ते हजार-बाराशे रुपये वर्षाला, म्हणजे एका चांगल्या डझनाच्या आसपास. गुगलच्या ब्लॉगर या सेवेवर ते जोडलं तर होस्टिंगचा, म्हणजे वेबसाइट ठेवायच्या जागेचा, खर्चही वाचतो; वर्डप्रेस घेतलं तर वर्षाला आणखी काही हजार. भाच्याने किंवा वेबसाइट करून देणाऱ्याने डोमेन स्वतःच्या नावावर घेतलं नाही ना, हे पहिल्याच दिवशी बघा. नोंदणी तुमच्या ई-मेलवर आणि तुमच्या मोबाइल नंबरवर हवी. भांडण झाल्यावर बाग आपली आणि नाव दुसऱ्याचं, अशी गत झालेले लोक मी पाहिलेत.

दोन्हींमधली भिंत आता पूर्वीइतकी जाड नाही, हेही मान्य करायला हवं. जुलै 2025 पासून इन्स्टाग्रामच्या व्यावसायिक खात्यांवरच्या सार्वजनिक पोस्ट गुगलच्या शोधातही येऊ शकतात. त्यामुळे रीलखाली 'लव्ह कोकण' आणि तीन हृदयं टाकण्याऐवजी गावाचं नाव, फळाचा आकार, डझनाचा दर आणि कुठल्या शहरांत पोचवता ते सरळ लिहा. तेवढ्याने ब्लॉगची जागा भरून निघणार नाही, पण फुकट मिळतंय ते सोडू नये.

वेळेचा हिशेब

खर्च पैशांचा कमी, वेळेचा जास्त, आणि तो दोन्हीकडे वेगळ्या वेळी पडतो. हा मुद्दा बागायतदाराच्या बाजूने आहे. खतं घालून झाली की पावसाळ्यात संध्याकाळी हात थोडा मोकळा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये सहा पानं लिहिता येतात: बाग कुठे आणि कुणाची, आंबा कसा पिकवतो, साका आणि तक्रारी, पेटी आल्यावर घरी काय करायचं, दर आणि शहरं, आणि यंदाचा हंगाम. शेवटचं पान दरवर्षी नवं, बाकीची फक्त तपासायची. बोलून मजकूर उतरवण्याची सोय बहुतेक स्मार्टफोनमध्ये आहे. गिऱ्हाइकाला फोनवर सांगता तसंच बोला आणि मग शुद्धलेखन मुलीकडून तपासून घ्या.

सोशल मीडिया नेमका हंगामात वेळ मागतो, कमेंटना आणि मेसेजना उत्तरं मागतो, आणि उत्तर दोन तास उशिरा गेलं तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे वळतं. घरात कुणी तरुण माणूस एप्रिल-मेमध्ये हे सांभाळायला असेल तरच जोरात उतरा. नसेल तर रोज एक स्टोरी, आठवड्याला एक रील, बस. मोहोर आल्यावर डिसेंबर-जानेवारीत थोडं चित्रण करून ठेवलं तर ते फेब्रुवारीत आगाऊ नोंदणीसाठी वापरता येतं.

या दोघांच्या भांडणात व्हॉट्सॲप बिझनेस मागे पडतं, आणि मला ते बरोबर वाटत नाही. दुसऱ्या वर्षीची विक्री प्रामुख्याने तिथून येते. ब्रॉडकास्ट यादीत 256 जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर साठवलाय त्यांनाच संदेश पोचतो. म्हणून पेटीत एक चिठ्ठी टाका: 'नंबर सेव्ह करा, पुढच्या वर्षी पहिल्या तोडणीचा निरोप देऊ.' नंबरांची यादी कागदावर किंवा एक्सेलमध्ये वेगळी ठेवा. मात्र पावसाळाभर सुप्रभात पाठवलंत तर लोक ब्लॉक करतील आणि त्यांचं चुकणार नाही.

तुमचा धंदा आंब्याचा नसेल तर

कोल्हापुरात मिसळीचं दुकान असेल तर ब्लॉग विसरा. गुगल मॅपवर वेळा, फोटो आणि बंद असण्याचा वार बरोबर ठेवा, आलेल्या परीक्षणांना उत्तर द्या. येवल्यात पैठणी विणत असाल तर इन्स्टाग्राम आधी, कारण पदर आणि काठ दाखवूनच विकले जातात. पण हातमाग आणि यंत्रमाग यांतला फरक मागची बाजू दाखवून समजावणारं एक पान हवंच, कारण दोन्हींच्या किमतींत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. वकिलांचं गणित सर्वांत निराळं. बार कौन्सिलच्या नियमांनुसार त्यांना जाहिरात करता येत नाही. 2008 नंतर वेबसाइटवर नाव, पत्ता, शिक्षण, कामाचं क्षेत्र एवढी माहिती देता येते. त्यांनी 'माझ्याकडे या' म्हणणाऱ्या रील काढणं अंगाशी येऊ शकतं. कायदा सोप्या मराठीत समजावणारे लेख हा त्यातल्या त्यात सभ्य मार्ग.

आंब्याकडे परत यायचं तर पहिल्या वर्षाचा क्रम मी असा लावीन: आज डोमेन आणि गुगलची व्यवसाय प्रोफाइल, ऑगस्टमध्ये पानं, जानेवारीपासून इन्स्टाग्राम, आणि पहिल्या ऑर्डरपासून एक वही. वहीत प्रत्येक नावापुढे 'कुठून कळलं' हे विचारून लिहायचं. मे संपला की बेरीज करा. इन्स्टाग्रामवरून आलेल्यांनी एकेक डझन घेतला आणि पानं वाचून आलेल्यांनी पेट्या घेतल्या असं दिसलं, तर पुढच्या पावसाळ्यात लिखाण वाढवा. उलटं दिसलं, तर लेखांचा नाद सोडून चांगला ट्रायपॉड घ्या.