सहा रविवार आणि लॉन्सलॉटची दोन पावलं: गिरगावातल्या कविता क्लासचा माझा रिव्ह्यू

क्लास संपून तीन आठवडे झाले तरी डोक्यातून जात नाहीये म्हणून शेवटी लिहायलाच बसले. ज्यांना नुसती माहिती हवीय त्यांच्यासाठी ती आधी देते. गिरगावात ठाकुरद्वारजवळ एका जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर रिटायर्ड प्रोफेसर मॅडम स्वतःच्या घरी हा क्लास घेतात, सहा रविवार, सकाळी १० ते १२.३०, फी ₹२,४००, त्यात झेरॉक्स आणि मधला चहा आला. बॅच १८ जणांची. घर त्यांचं आहे म्हणून इथे नाव-पत्ता टाकत नाही, कुणाला हवं असेल तर मला विचारा, त्यांना विचारून नंबर देईन.

विषय होता शिव्हलरी आणि दरबारी प्रेम, म्हणजे घोड्यावरचे चिलखतवाले नाइट, त्यांच्या राण्या, आणि मग सहा-सातशे वर्षांनी व्हिक्टोरियन कवींनी त्याच गोष्टी परत का लिहायला घेतल्या ते. शिकवणं पूर्ण मराठीत, कविता मात्र इंग्रजीतून मोठ्याने वाचायच्या, आणि जुनं फ्रेंच जे आहे ते इंग्रजी भाषांतरातून. मी बीएला इंग्लिश लिटरेचर केलं त्याला आता २२ वर्षं झाली, तेव्हा व्हिक्टोरियन कवी टेनिसन होता सिलॅबसला, पण गाइडमधून. शिव्हलरी म्हणजे शौर्य, निष्ठा आणि स्त्रीचा मान राखणे, पाच मार्क. त्या उत्तरात ती स्त्री स्वतः काय बोलते हे कुठेच नव्हतं आणि आम्ही कुणी विचारलंही नव्हतं. मॅडमनी पहिल्या दिवशी फळ्यावर एवढंच लिहिलं, 'बाई काय बोलते?', आणि तो प्रश्न सहा आठवडे पुसलाच नाही.

पहिल्याच सेशनला एक गोष्ट कळली ती मला कॉलेजात कुणी सांगितली नव्हती. 'कोर्टली लव्ह' हा शब्द मध्ययुगातला म्हणून आपण वापरतो ना, तो रूढ झाला १८८३ मध्ये, गास्तों पारिस नावाच्या फ्रेंच अभ्यासकाच्या लेखातून, म्हणजे तेव्हा व्हिक्टोरिया गादीवर होती आणि टेनिसन जिवंत होता! बाराव्या शतकातले दक्षिण फ्रान्समधले त्रुबादूर, म्हणजे गाणी रचणारे कवी, ते स्वतः त्याला म्हणायचे फिनामोर. त्यातला 'फिन' म्हणजे शुद्ध केलेल्या सोन्यासारखं, आणि मॅडम म्हणाल्या, आपल्याकडे याला शब्द तयारच आहे, तावून सुलाखून घेतलेलं प्रेम. मला हे इतकं आवडलं की वहीत बॉक्स करून ठेवलंय.

आता दुसरा रविवार. खरं सांगायचं तर त्या एका सेशनसाठी मी सगळी फी दिली असती. क्रेतिएँ द त्रुवा या कवीचं लॉन्सलॉटचं काव्य, साधारण ११७७ ते ११८१ मधलं, शाँपेनच्या काउंटेस मारीने सांगितलं म्हणून लिहिलेलं, आणि तो सुरुवातीलाच लिहितो की गोष्ट आणि तिचा अर्थ दोन्ही तिने दिलं. तर आर्थर राजाची राणी ग्विनिव्हिअर हिला पळवून नेलंय, त्याचा सरदार लॉन्सलॉट तिच्या मागावर आहे, तिच्यावर प्रेम करणारा, घोडा गेलाय, पायी चाललाय, आणि वाटेत एक बुटका गाडी हाकत येतो. ती गाडी गुन्हेगारांना फिरवायची. आमच्यात एक काका होते, बेस्टमधून रिटायर्ड, ते लगेच म्हणाले, "मॅडम, म्हणजे आपल्याकडे गाढवावरून धिंड काढायचे, तसं?" मॅडम म्हणाल्या, "अगदी तसंच काका, एकदा बसला की इज्जत गेली." बुटका म्हणतो, बस, उद्यापर्यंत राणीचं काय झालं ते कळेल. लॉन्सलॉट बसतो, पण बसायच्या आधी दोन पावलं थांबतो. फक्त दोन पावलं, तेवढ्यात मनात बुद्धी आणि प्रेम यांचं भांडण होतं आणि प्रेम जिंकतं.

मग तो तलवारीच्या पात्याच्या पुलावरून हातपाय रक्तबंबाळ करून पलीकडे जातो, तिच्यासाठी लढतो, आणि ती समोर आल्यावर तोंड फिरवते. मॅडमनी इथे वाचणं थांबवून विचारलं की का फिरवलं असेल, आणि आम्ही सगळ्यांनी एकच उत्तर दिलं, गाडीत बसून त्याने अब्रू घालवली म्हणून. उत्तर उलटं होतं. तो दोन पावलं थांबला म्हणून! खोलीत एकदम शांतता. मग काका हळूच म्हणाले, "बाई बरोबर बोलली." त्यावर जवळजवळ पाऊण तास चर्चा झाली, चहा थंड झाला तरी कुणी उठलं नाही.

आणि अजून एक गंमत बघा, अर्ध्या काव्यापर्यंत या माणसाचं नावच आपल्याला कळत नाही, गाडीवाला सरदार एवढीच ओळख, आणि लॉन्सलॉट हे नाव पहिल्यांदा ऐकू येतं ते राणीच्या तोंडून. पुढे एका टूर्नामेंटमध्ये ती निरोप पाठवते की आज सगळ्यात वाईट लढ, आणि तो लढतो, लोक हसतात तरी लढतो, मग दुसऱ्या दिवशी ती म्हणते आता उत्तम लढ, की सगळ्यांना लोळवतो. म्हणजे इथे बाई बोलते, आणि तिच्या बोलण्यावर सगळं हलतं.

पण आमच्यातली एक कॉलेजची मुलगी, रुईयाला शिकते, ती म्हणाली, मॅडम हे कागदावर, खऱ्या राण्यांचं काय? मॅडम बहुतेक याचीच वाट बघत होत्या. त्या म्हणाल्या, या काउंटेस मारीची आई म्हणजे एलिनॉर, इंग्लंडची राणी, आणि मुलीच्या दरबारात हे काव्य लिहिलं जात होतं त्याच वर्षांत तिच्या नवऱ्याने, दुसऱ्या हेन्रीने, तिला कैदेत ठेवलं होतं, ११७३ ते ११८९, तो मेला तेव्हा सुटली. हे ऐकल्यावर ती दोन पावलं मला वेगळीच दिसायला लागली. ज्या बाईचं बोलणं बाहेर कुणी ऐकत नाही तिच्यासाठी कवितेत असा एक माणूस उभा केलाय जो तिचा शब्द खाली पडू देत नाही. हे माझं मत आहे, मॅडम इतक्या सरळ बोलल्या नाहीत.

तिसरा रविवार मॅलरीचा, म्हणजे त्याचं आर्थरच्या गोष्टींचं इंग्रजी पुस्तक, कॅक्स्टनने १४८५ ला छापलेलं, ते मला जरा कोरडं गेलं, लढाया फार. एक वाक्य मात्र बोचलं. त्यात आर्थर म्हणतो की राणी गेल्याचं जेवढं दुःख आहे त्याहून माझे चांगले सरदार गेल्याचं जास्त आहे, राण्या काय हव्या तेवढ्या मिळतील.

चौथ्या रविवारी टेनिसन. आधी १८३९ ची एक गोष्ट, स्कॉटलंडमध्ये एग्लिंटन नावाच्या अर्लने मध्ययुगासारखी भाल्यांची टूर्नामेंट भरवली, हजारो लोक आले आणि धो धो पावसाने सगळ्या चिलखतांचा चिखल केला. बाहेर आमच्याकडे पण तेव्हा तसाच कोसळत होता. या लोकांना नाइटचं किती वेड होतं ते त्यातून कळतं.

टेनिसनचं 'ग्विनिव्हिअर' १८५९ चं. लॉन्सलॉटबरोबरचं प्रेम उघड झाल्यावर राणी मठात लपलीय, आर्थर तिथे येतो. हा प्रसंग मॅलरीत नाहीये, टेनिसनने स्वतः घातलाय. त्याची पावलं ऐकून ती खुर्चीतून खाली कोसळते, तोंड जमिनीला, आणि आर्थर तिच्या डोक्यावर उभा राहून बोलतो. शंभराहून जास्त ओळी! की तुझ्यामुळे माझं सगळं आयुष्याचं काम बुडालं, तुझ्यामुळे सगळे सरदार बिघडले, तरी मी तुला देवासारखी क्षमा करतो. तो असेपर्यंत ती एक शब्द बोलत नाही, फक्त सरपटत पुढे येऊन त्याचे पाय धरते. मॅडमनी हे आमच्याकडून आळीपाळीने वाचून घेतलं आणि माझ्या वाट्याला ते पाय धरण्याचं आलं, मला वाचवेना. भाषा इतकी सुंदर आहे की राग येताना पण कान तृप्त होतात, आणि हेच जास्त त्रास देतं. फळ्यावर प्रश्न तसाच होता.

मग त्यांनी सांगितलं की दोनच वर्षं आधी, १८५७ ला, इंग्लंडमध्ये घटस्फोटाचा कायदा झाला, त्यात बायकोने व्यभिचार केला तर नवऱ्याला तेवढं कारण पुरे, पण बायकोला घटस्फोट हवा तर नुसता व्यभिचार चालणार नाही, त्याच्यासोबत क्रूरपणा किंवा सोडून जाणं वगैरे पण सिद्ध करा. हे कळल्यावर ती जमिनीवरची राणी नुसती जुन्या गोष्टीतली राहत नाही.

आणि त्याच सेशनला शेवटच्या अर्ध्या तासात विल्यम मॉरिस. १८५८, म्हणजे टेनिसनच्या एक वर्ष आधी, पंचविशीही गाठली नव्हती त्याने. त्याची ग्विनिव्हिअर आरोप करणाऱ्यांसमोर ताठ उभी राहून बोलते. म्हणते, समजा तुम्ही मरायला टेकलाय, पायाशी देवदूत उभा आहे, हातात दोन कापडं, एक निळं एक लाल, एक स्वर्ग एक नरक, सांगा कुठलं घेता, आणि माणूस निळं घेतो, आकाशाचा रंग म्हणून, आणि नेमका तोच नरक निघतो. मला विचारू नका याचा अर्थ एका वाक्यात सांग म्हणून, पण ट्रेनमध्ये उभ्याने ती कविता मी पूर्ण परत वाचली. येताना मेगाब्लॉकमुळे दादर ते भांडुप तास लागला, त्याचा असा उपयोग झाला.

पाचवं सेशन बाहेर होतं, ओव्हल मैदानावर, आणि मुंबईत राहून हा क्लास करण्याचं सगळ्यात मोठं कारण मला हे वाटतं. पाऊस थांबला होता, गवत ओलं. समोर हायकोर्ट, बाजूला राजाबाई टॉवर, दोन्ही १८७८ ला पूर्ण झालेले, टोकदार कमानी, शिखरं, सगळं मध्ययुगाच्या नकलेतलं. टॉवर ज्याने डिझाइन केला तो गिल्बर्ट स्कॉट कधी मुंबईला आलाच नाही. मॅडम म्हणाल्या, टेनिसनने जे शब्दांत केलं तेच यांनी दगडात केलं. मी ज्या बिल्डिंगींसमोरून नोकरीची पहिली आठ वर्षं रोज गेले त्या मला पहिल्यांदा कळल्या.

मग हायकोर्टाच्या माथ्यावरचे दोन पुतळे दाखवले, एक न्याय, एक दया, आणि रखमाबाईंची केस सांगितली. ११ व्या वर्षी लग्न, मोठी झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला जायला नकार, १८८४ ला नवऱ्याने, दादाजीने, कोर्टात ओढलं. १८८५ ला जस्टिस पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, आणि १८८५ म्हणजे टेनिसनच्या आर्थर-मालिकेतली शेवटची कविता छापून आली तेच वर्ष. पुढे अपील, १८८७ ला उलटा हुकूम, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंग, आणि त्या म्हणाल्या तुरुंग चालेल. त्याआधीच त्यांनी 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या सहीने बालविवाहावर पत्रं लिहिली होती. १८८८ ला दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं, मग लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. मॅडमनी याच्यावर काहीही कॉमेंट केली नाही. रुईयाची ती मुलगी हळूच म्हणाली, "बाई बोलली." माझ्या अंगावर काटा आला आणि आत्ता लिहिताना पण येतोय.

शेवटचं सेशन मात्र घाईत गेलं, ही माझी खरी तक्रार आहे. ब्राउनिंगची हातमोज्याची कविता होती, सिंहांच्या आखाड्यात एक बाई मुद्दाम हातमोजा टाकते आणि तो सरदार तो आणून तिच्याच तोंडावर फेकतो. मला शाळेत याच गोष्टीवरची ली हंटची कविता होती, त्यात राजा सरदारालाच शाबासकी देतो आणि आम्ही वर्गात टाळ्या वाजवायचो. ब्राउनिंगच्या कवितेत मात्र त्या बाईला कारण विचारलं जातं, आणि ती सांगते की हा रोज म्हणायचा तुझ्यासाठी मरेन, मला बघायचं होतं या शब्दाची किंमत काय. याला अर्धा तास तरी हवा होता, मिळाली दहा मिनिटं. आणि क्रिस्टिना रोझेटीची १८८१ ची १४ सुनीतं, ज्यांच्या प्रस्तावनेत ती म्हणते की कवींनी ज्या बायकांवर गाणी लिहिली त्यातलीच एखादी स्वतः बोलली असती तर, ती तर नुसती वाटली आणि घरी वाचा म्हणाल्या. सगळ्या क्लासचा प्रश्न ज्या बाईने स्वतः विचारला तिच्यासाठीच वेळ नाही! स्विनबर्न आणि आर्नल्ड हे कवी राहूनच गेले, ते चालेल, पण रोझेटी नको होती राहायला.

बाकी तक्रारी लहान आहेत. मॅलरीचे झेरॉक्स पुसट, चष्मा लावूनही दिसेनात, मी शेवटी पीडीएफ मागून घेतली. खुर्च्या प्लास्टिकच्या, पाठदुखी असेल तर उशी न्या. रेकॉर्डिंग मिळत नाही, एक रविवार चुकला की चुकला. जिने उंच आहेत, लिफ्ट नाही.

इंग्लिश कच्चं आहे म्हणून घाबरू नका, काकांचं शिक्षण दहावीपर्यंत आहे आणि अर्धे चांगले प्रश्न त्यांचेच होते. पुस्तकं विकत घ्यायची गरज नाही, तरी मी चर्चगेटहून फाउंटनकडे जाताना फूटपाथवर टेनिसनची एक जुनी कॉपी ₹१५० ला घेतली, कुणीतरी समासात पेन्सिलने ग्विनिव्हिअरच्या नावापुढे प्रश्नचिन्ह केलंय.

शेवटच्या दिवशी मी मॅडमना विचारलं की आपल्या हाल राजाच्या गाथासप्तशतीत तर किती गाथा बायकांच्याच तोंडी आहेत, मैत्रिणीशी बोलणाऱ्या, परदेशी गेलेल्या नवऱ्यावर रागावलेल्या, आणि ती महाराष्ट्री प्राकृतात, मग ती या क्लासमध्ये का नाही? त्या म्हणाल्या, "तू आण ना दहा गाथा, पुढच्या बॅचला एक तास तुझा." पुढची बॅच दिवाळीनंतर आहे, आणि त्यांनी सातवा रविवार वाढवलाय, रोझेटीसाठी. मी सध्या रोज रात्री जेवणं आटपली की गाथा निवडतेय, आत्तापर्यंत चार झाल्या.