पुढची खोली की मागची?

जुन्या वास्तूतल्या बेड अँड ब्रेकफास्टमध्ये खोली ठरवताना बहुतेकांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं. पहिल्या मजल्यावरची पुढची मोठी खोली घ्यावी, जिचा फोटो सगळीकडे झळकत असतो, की मागच्या अंगाची साधी? आम्ही उभयता एकाच वास्तूतल्या दोन्ही खोल्यांत राहून आलो. एका खेपेला पुढची, दुसऱ्या खेपेला मागची, तीन-तीन रात्री. लिहितोय ते तेवढ्याच शिदोरीवर. न्याहारी, वाय-फाय दोन्हीकडे सारखंच, ते सोडून देऊ.

पुढची खोली पाहताक्षणी मनात भरते, हे आधीच कबूल करतो. अक्रोडाच्या लाकडाचा पलंग, उशाकडची फळी माझ्या डोक्याहून उंच, तिच्यावर कोरलेले द्राक्षांचे घोस. खिडक्यांना मूळची काच. तिच्यातून बाहेरच्या झाडाकडे बघत मान जरा हलवली की फांद्या पाण्यात पडल्यासारख्या डुलतात. पिल्किंग्टन या ब्रिटिश काच कंपनीनं १९५९ साली फ्लोट काच, म्हणजे वितळलेल्या कथिलावर पसरून केलेली अगदी सपाट काच आणली आणि हळूहळू खिडक्यांमधला हा हेलकावा गेलाच. सकाळचा अर्धा तास मी नुसती मान हलवत बसलो होतो.

दुसरा अर्धा तास ड्रॉवरच्या टेबलापाशी. एक ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून कोपऱ्यातले सांधे पाहिले. हातानं कापलेले, एकाचं माप दुसऱ्याला नाही. खालच्या भागातले सांधे मात्र एकसारखे, म्हणजे यंत्राचे. वरचा भाग एका टेबलाचा आणि खालचा दुसऱ्याचा. अशा जुळवलेल्या नगाला जुन्या सामानाचे व्यापारी ‘मॅरेज’ म्हणतात. संसार बरा चालला होता दोघांचा, फक्त मधला ड्रॉवर दमट हवेत फुगून अडायचा. (घरी असं होत असेल तर कडेला मेणबत्ती घासा.)

पलंगाबद्दल लोक फार घाबरवतात, तितकं काही नाही. जुना डबल ५४ इंच रुंद आणि आजचा क्वीन ६०, त्यामुळे बरेच मालक बाजूच्या पट्ट्या बदलून नवी गादी बसवून घेतात. झोप छान लागते. उंची मात्र विचारून घ्या. जुन्या चौकटीवर आजची जाड गादी आली की चढायला पायरी लागते, आणि रात्री अंधारात उतरताना ती पायरी कुठे आहे ते आठवावं लागतं. कपाटात हँगरची दांडी नव्हती, खुंट्या होत्या. त्याचंही काही नाही.

आमचं बिनसलं ते एका पेल्यावरून.

पहिल्या रात्री दिवा मालवायच्या आधी बायको पाण्याचा पेला हातात घेऊन खोलीभर फिरली आणि म्हणाली, “अहो, हा ठेवू कुठे?” उशाजवळच्या टेबलावर छोटं कार्ड होतं: कृपया पेले ठेवू नयेत. लिहायच्या टेबलावर तसंच कार्ड. ड्रॉवरच्या टेबलावरही. मालकांची चूक नाही यात. हे सगळं लाखेचं फ्रेंच पॉलिश. ओला पेला राहिला की पांढरं कडं उमटतं, गरम कपानं ते मऊ पडतं, आणि अत्तर सांडलं तर त्यातल्या स्पिरिटनं विरघळतंच. पांढऱ्या कड्याचा एक नमुना खिडकीजवळच्या टेबलावर होता, कुणा जुन्या पाहुण्याची आठवण. शेवटी पेला जमिनीवर ठेवला. रात्री दोनला मी पायरी चाचपडत उतरलो आणि तो लाथाडला. मग गालिचा टॉवेलनं टिपत गुडघ्यांवर बसलो, तेव्हा वाटलं, आपण इथे पाहुणे आहोत की रखवालदार? पुढच्या दोन्ही रात्री माझा चष्मा, फोन आणि गोळ्यांचं पाकीट बुटात राहिलं. तुम्हाला कदाचित हे क्षुल्लक वाटेल. मलाही बुकिंग करताना वाटलं असतं.

मागच्या खोलीत बघण्यासारखं कमी. लोखंडी पलंग, पांढरा रंग दिलेला. एकोणिसाव्या शतकात असे पलंग फार खपले, कारण लाकडाच्या सांध्यांत ढेकूण घर करतात, लोखंडात त्यांना तेवढी जागा नसते. कूस बदलली की तो कुरकुरतो, हे लपवत नाही. वाकवलेल्या बीचची, वेताच्या बैठकीची एक खुर्ची, थोनेट या फर्निचरवाल्याच्या १८५९ सालच्या प्रसिद्ध चौदा नंबरच्या खुर्चीच्या धर्तीची. एका हातानं उचलून खिडकीशी नेता येते. खिडकीतून दिसते भिंत, आणि भल्या पहाटे खालून भांड्यांचे आवाज येतात. पंजाच्या पायांचा बिडाचा टब नाही, साधा शॉवर आहे. टबात डुंबायची हौस असेल तर प्रश्नच मिटला, पुढची घ्या.

पण उशाशी एक तोंड धुण्याचं टेबल आहे, वर करड्या शिरांचा संगमरवर. नळ नव्हते त्या काळी यावर पाण्याचा जग आणि मोठं भांडं असायचं. म्हणजे पाणी सांडण्यासाठीच केलेली वस्तू! लिंबू तेवढं सांडू नका, आम्लानं दगडाची चकाकी जाते. कार्डबिर्ड काही नव्हतं. पेला, चष्मा, फोन, अर्धवट वाचलेलं पुस्तक, सगळं त्यावर पसरून मी झोपलो. आणि खरं सांगायचं तर त्या घरातल्या जुन्या वस्तूंपैकी बिनधास्त वापरली अशी ती एकच.

एकाच रात्रीचा मुक्काम असेल, लग्नाचा वाढदिवस वगैरे असेल, तर पुढची खोली घेऊ नका असं मी म्हणणार नाही. ती खिडकी एकदा पाहावी अशीच आहे. दोनापेक्षा जास्त रात्री असतील तर जरा विचार करा.

आता तिसऱ्यांदा जायचं घाटतंय. बायको म्हणाली, “पुढचीच घ्या हो, फक्त ते संगमरवराचं टेबल तिकडे हलवून देतील का विचारा.” विचारलं. चार माणसं लागतील आणि जिना अरुंद आहे, असं उत्तर आलं. मागची घेतली.